आमच्या जावयाचा गळा

आमच्या घरच्या जावयासारखा उधळ्या माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. उधळ्या म्हटलं की लोकांना पैसा, जमीन, दारू असलं काहीबाही सुचतं. तसलं काही नाही. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही त्यांना. जानेफळला ओलिताची शेती, वांगी, टमाटे, सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, बाराही महिने मळा हिरवागार. घर खाऊनपिऊन सुखी. या माणसानं उधळला तो गळा. देवानं दिलेला, चांगला खणखणीत, रॉक म्हणायचा गळा. आणि ज्यांच्यावर उधळला ते आम्हीच सगळे. म्हणून हे लिहायला बसलं की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. राग कुणाचा, ते पुढे कळेलच.

जानेफळात रॉक कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. माझं मेहकरला बी-बियाण्यांचं दुकान. धाकट्या बहिणीला, सुमीला, हे स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा पाहायला आला तो खांद्यापर्यंत केस सोडून आणि अंगात काळं बनियन घालून. बनियनवर ही मोठी कवटी! आईनं मला आत बोलावून घेतलं आणि म्हणाली, "पोरगा नाकीडोळी चांगला हाय, पन त्या छातीवरच्या मयताले काही तरी झाका म्हना." मी माझा शर्ट नेऊन दिला, तो त्यानं मुकाट्यानं वरून चढवला आणि बाहीत हात घालता घालता आईला म्हणाला, "मामी, मले पयलेच सांगाचं ना!" वडिलांनी विचारलं, काय करता? तर म्हणे, "वांगे लावतो अन् रॉक म्हनतो." वडिलांना ते भजनासारखं काही असावं असं वाटलं आणि त्यांनी समाधानानं मान डोलावली. सुमी दाराआडून हसली. झालं, जमलं लग्न.

वडिलांचं समाधान लग्नाच्या दिवसापर्यंत टिकलं. वरात निघाली, नवरदेव घोड्यावर, पुढे मेहकरचाच नावाजलेला बँड. बँडच्या गाणाऱ्याचा घसा त्या दिवशी बसलेला. बिचारा दोन ओळी म्हणायचा आणि खोकायचा. नाचणारी पोरं कंटाळून बाजूला झाली, म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या. नवरदेवाला ते पाहवेना. बाशिंग बांधलेल्या अवस्थेत हा गडी घोड्यावरून उतरला, बँडच्या गाडीवर चढला, माईक हातात घेतला आणि स्वतःच्याच वरातीत गायला लागला. नाचून नाचून लोकांच्या चपला हरवल्या. घोडा रिकामाच चालला होता, त्याच्यावर शेवटी करवलीला बसवलं. मुहूर्त केव्हाच टळून गेला. मांडवात अक्षता धरून ताटकळलेले वडील मला म्हणाले, "काय रे, पोरगी आपन नवरदेवाले देऊन राह्यलो का बँडवाल्याले?" आणि नवरदेव घामानं निथळत मांडवात आले ते हात जोडूनच. "मामा, लोकं उभे होते ना, त्यायले कसं सोडू?" या एका वाक्यावर या माणसाचं आख्खं आयुष्य चाललं, हे तेव्हा कुणाला कळणार?

तर हा रॉक त्यांना कॉलेजात असताना सापडला. कुण्या मित्राच्या कॉम्प्युटरवर परदेशातल्या एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम पाहिला. मैदानात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि तो गायक गाता गाता स्टेजच्या कडेला येऊन बसला, वाकला आणि पुढच्या रांगेतल्या लोकांचे हात धरून गायला लागला. बाकीची पोरं त्याची गिटार बघत होती, केस बघत होती. हे म्हणाले, "गानं तं कोनीबी म्हनते बे. हा मानूस पाह्य, हात सोडूनच नाही राह्यला लोकायचे!" तेवढं एक त्यांनी उचललं. मग गिटार आली, लग्नाच्या बँडमधला संबळ वाजवणारा गोपाल ड्रमवर बसला, मोबाइल दुरुस्तीवाला एक पोरगा दुसऱ्या गिटारीवर आला. बँडला इंग्रजीत काही तरी नाव ठेवलं होतं, पण ते जिल्ह्यात कुणाला म्हणता येईना, म्हणून सगळे "वांगेवाले" म्हणायला लागले. त्यांनीही मग पोस्टरवर तेच घातलं. गाणी स्वतःच लिहायचे, आपल्याच बोलीत. सगळ्यात गाजलं ते डीपीचं. डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, तो जळला की गावाला अंधार आणि विहिरीला कुलूप. गाण्यात एक बाई अंगणात बसून नवऱ्याला विचारते की डीपी कवा येईन. त्यातला तो "कवा" असा काही वर जायचा, की ऐकणाऱ्याची मान आपोआप वर व्हायची. मी गाण्यातला औरंगजेब, पण माझ्याही अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू?

आता उधळेपणाचं सांगतो. परदेशातले गायक अंगावरचा टॉवेल लोकांत फेकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात, जानेफळच्या यात्रेत, त्यांनी गळ्यातला दुपट्टा झोकात फिरवून गर्दीत भिरकावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात हजर. दुपट्टा धुतलेला, वाळवलेला, वर इस्त्री केलेली. "भाऊ, काल तुमचा दुपट्टा पडला होता पाहा. घामानं लय कळकट झालता, म्या सोड्यात बुडवला." पुढच्या गावी पुन्हा फेकला, तो एसटीनं परत आला. तिसऱ्यांदा तर कार्यक्रम चालू असतानाच एका पोलीसदादानं आणून हातात दिला आणि म्हणाला, सांभाळून ठेवत जा. शेवटी जावई म्हणाले, आपल्या लोकायले दुपट्टा कामाचा नाही, आपन जे पिकवतो ते देऊ. तेव्हापासून कार्यक्रमाला निघताना टेंपोत ड्रमच्या शेजारी वांग्याचे क्रेट जायला लागले. शेवटच्या गाण्याला हे ओंजळी भरभरून वांगी वाटायचे. भर रॉकमध्ये पुढच्या रांगेतल्या बाया पदर पसरून उभ्या, आणि मागून कुणी तरी ओरडतंय, "भाऊ, काटेरी नका देऊ, गोल द्या, भरताचे!" सुमी कपाळाला हात लावायची. "बजारात न्याले ठेवले होते मी ते," म्हणायची, पण पुढच्या खेपेला क्रेट तीच भरून द्यायची.

सोनाळ्याला तर कहर केला. पुढच्या सोफ्यांवर पुढारी मंडळी, त्यांच्यामागे त्यांची माणसं, त्यामागे गावातले बापे, आणि बायका कुठे? पार मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या पलीकडे, जिथून स्टेज म्हणजे नुसता उजेड दिसत होता. जावयांनी एक गाणं म्हटलं, डोळ्यांवर आडवा हात धरून लांब पाहिलं आणि माईकवर विचारलं, "मागं बसलेल्या मायमाउल्याहो, आयकू येते का?" मागून आवाज आला, "आयकू येते, पन दिसत नाही!" बस. कार्यक्रम थांबला. गोपालला म्हणाले, उचल. ड्रम, गिटारी, पेट्या, सगळं उचलून गर्दीतून मागे नेलं, ट्रॉलीवर मांडलं आणि पुढचा सगळा कार्यक्रम बायकांकडे तोंड करून म्हटला. सोफ्यावरच्या मंडळींना त्यांची पाठ ऐकत बसावं लागलं. एक पुढारी मान वळवून वळवून इतके वैतागले, की शेवटी सोफाच उलटा करायला लावला. आयोजकानं पुन्हा बोलावणार नाही म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी गावातल्या बायकांनीच बोलावलं.

फर्माईश तर त्यांनी कधी म्हणजे कधी मोडली नाही. कुणी गवळण मागितली, म्हटली. कुणी वरातीतलं मागितलं, म्हटलं. एकदा एक पोर मांडवात भोकाड पसरून रडत होतं, त्याची आई घाईघाईनं उठून निघाली. हे माईकवरून म्हणाले, "बसा वं ताई, त्याची बी फर्माईश असन काही तरी." आणि गिटारीवर अंगाई सुरू केली. पोर झोपलं. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले तर हे तोंडावर बोट ठेवून उभे! त्यानंतर पोर उठेपर्यंत गोपालला ड्रमला हात लावू दिला नाही. रॉकचा कार्यक्रम, आणि सारा मांडव खालच्या आवाजात कुजबुजत बसलेला. गोपाल मला नंतर म्हणाला, "दादा, म्या आज पैसे झोपाचे घेतले."

हे सगळं हसण्यावारी नेत होतो आम्ही. धामणगाव बढ्याला पहिल्यांदा पाल चुकचुकली. संध्याकाळचा कार्यक्रम, आसपासच्या खेड्यांतून माणसं आलेली, आणि दुसऱ्याच गाण्याला लाइट गेली. गंमत म्हणजे डीपीच जळली. जनरेटर कुणी आणलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर नमस्कार करून टेंपोत बसला असता. हे स्टेजवरून खाली उतरले, गर्दीच्या मधोमध एक बाज मागवून घेतली, तिच्यावर उभे राहिले आणि बिनमाइकाचे गायला लागले. कोपऱ्यातल्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून बाज तिकडे नेली. मग या कोपऱ्याची तक्रार आली, म्हणून इकडे आणली. चारही कोपऱ्यांना तीच गाणी पुन्हा म्हटली, तेवढ्याच जोरानं, त्या "कवा"सकट. मी होतो तिथे. माणसं ढसाढसा रडत होती, हसत होती, बाजेचे खूर धरून उभी होती. ते गाणं मी विसरणार नाही. पण येताना टेंपोत त्यांनी पाणी मागितलं तेव्हा जो आवाज आला, तो ऐकून सुमीनं माझ्याकडे पाहिलं. पत्र्यावर काही तरी घासावं तसा आवाज होता तो.

मग ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. कार्यक्रमही होत राहिले, कारण नाही म्हणायचं कुणाला? शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरनं संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आहे, साधी आहे, घाबरायचं कारण नाही, दुर्बिणीतून काढून टाकू. ऑपरेशन झालं, उत्तम झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, माझं काम झालं, आता यांचं काम. पंधरा दिवस एक शब्द बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं उलट जास्त ताण पडतो. जखम नीट भरली तर आवाज पहिल्यासारखा येईल. नाही भरली तर तिथे वण राहील, आणि मग मी काही करू शकणार नाही. इतकं स्वच्छ सांगितलं. सुमीनं हात जोडून ऐकलं. जावयांनी मान डोलावली.

घरी आल्याबरोबर सुमीनं पाटीवर "मला बोलायची मनाई आहे" असं लिहून ती त्यांच्या गळ्यात अडकवली, आणि मी दुकान मुलावर सोडून चार दिवस जानेफळला राहायला गेलो. गाण्यापासून यांना लांब ठेवायचं, एवढंच आमच्या डोक्यात होतं. कार्यक्रम सगळे रद्द केले, गिटार माळ्यावर टाकली. पण एक गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नाही. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जावं लागतं. हे काही सांगून करायचं नसतं. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घ्यायचा, नाही तर डझनभर केळी, बाजेच्या कडेला बसायचं, पाय चेपल्यासारखं करायचं आणि विचारायचं, "कसं काय झालं हो?" आणि आजाऱ्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. त्याशिवाय भेट पुरी होत नाही. साध्या ताप आलेल्या माणसालाही आमच्याकडे तापापेक्षा भेटणाऱ्यांचा थकवा जास्त येतो. इथे तर जिल्ह्याचा लाडका माणूस, आणि त्याचा गळा कापला अशी बातमी गेलेली!

लोंढा लागला. पाहुणे आले, गाववाले आले, मग सोनाळ्याहून बायकांचा टेंपो आला. सुमी प्रत्येकाला पाटी दाखवायची. लोक पाटी वाचायचे आणि काळजीनं विचारायचे, "काऊन हो, काऊन मनाई केली?" सुमी स्वतः सगळी हकिगत सांगायची, पण लोकांचं समाधान होईना. "तू सांगतलं ते खरं हाय बाई, पन त्यायच्या तोंडून आयकू दे." पहिले दोन दिवस जावई नुसते हातवारे करत राहिले. तिसऱ्या दिवशी दोघं जण भेटून बाहेर पडले आणि फाटकाशी चपला घालता घालता एक दुसऱ्याला म्हणाला, "मोठा झाला आता. पयले कसा बोले, आता आपल्यासंग बोलत बी नाही." खिडकी उघडी होती. मी जावयांचं तोंड पाहिलं. आयुष्यात कुणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. ताडकन उठले, पायरीपर्यंत गेले आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "भाऊ, या ना परत. सांगतो."

तिथून जे सुरू झालं ते काय सांगू? सांगायचं म्हणजे कसं, हा तर पट्टीचा गडी. त्यांनी ऑपरेशन बसवलं, बसवलं म्हणजे अक्षरशः एखादं गाणं बसवावं तसं. आधी कुजबुजत, मग अर्ध्या आवाजात, मग रंगात आल्यावर पुऱ्या. डॉक्टरचा आवाज वेगळा, नर्सचा वेगळा, यंत्राची टुकटुक ते तोंडानं काढायचे. नळी घशात गेली तिथे तर अशी काही सूर ताणून किंकाळी, की बाया तोंडाला पदर लावायच्या. एकदा ऐकून गेलेले दुसऱ्यांना घेऊन परत यायचे. "तेवढं नळीचं सांगा ना भाऊ, ह्यायनं नाही आयकलं." आणि भाऊ सांगायचे! मी फाटकाशी काठी घेऊन उभा राहिलो, कुणाला आत सोडेना, तर आतून हाच आवाज, "दादा, येऊ द्या हो त्यायले, किती दुरून आले बिचारे!" काठी धरून मी करू काय? आजाऱ्याचाच आग्रह! मी चिडून त्यांना म्हणालो, "जवाई, तुमाले गानं म्हनाचं हाय का नाही परत?" तर गळ्यातल्या पाटीवर बोट ठेवून दाखवतात काय, आणि तोंडानं म्हणतात काय, "दादा, मी कोठी गाऊन राह्यलो? बोलूनच तं राह्यलो."

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर सुमी त्यांच्यासमोर बसली. ओरडली नाही ती. म्हणाली, "ह्या लोकायले गोष्ट पायजे. मले तुमचा आवाज पायजे. उद्या आपली पोर मोठी होईन, तिच्या लग्नात कोन गाईन? मी?" यांनी तिचा हात हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "सुमे, दारात आलेल्या मानसाले वापस कसं धाडू वं? मले येतच नाही ते." सुमी उठून आत गेली आणि चुलीशी तोंड करून रडली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

पंधरा दिवसांनी तपासायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, बोलला नाहीत ना? आणि जावयांनी, त्या फाटक्या आवाजात, आपण कसे बोललो नाही त्याची सगळी हकिगत डॉक्टरांना सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नळीसकट. डॉक्टर आधी हसले. त्यांनाही हसू आवरेना, असं सांगणं होतं ते. मग त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि हसायचे थांबले. वण राहिला होता. बोलता येईल, म्हणाले. गाता येणार नाही. वरचे सूर आता येणार नाहीत. सुमीनं विचारलं, "थोडे बी नाही?" डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी जावईच म्हणाले, "जाऊ दे सुमे, डॉक्टरसाहेबायले बाहेर लय लोकं थांबेल हायेत."

या गोष्टीला आता दोनेक वर्षं झाली. मला सांगा, रागवायचं कुणावर? एकही माणूस वाईट बुद्धीनं आला नव्हता. बिस्किटांचे पुडे महिनाभर गोठ्यातल्या वासरांनी खाल्ले इतके जमले होते. प्रेमापोटीच आले सगळे, आणि प्रेमापोटीच त्यांचा गळा नेला. स्टेजवर जे वाचलं होतं ते बाजेवर गेलं. मला अजून कधी कधी दुकानात बसल्या बसल्या त्याचा संताप येतो आणि समोरच्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसतो. हा सोन्यासारखा माणूस फार मोठा झाला असता हो. कुठल्या कुठे गेला असता.

आणि आता लोकांना दया आलीय. वांगेवाल्यांचे कार्यक्रम होतात, गोपालचा भाचा गातो, हे बाजूला बसून गिटार वाजवतात. पण फर्माईश कुणी करत नाही. कुणी पोरगा चुकून ओरडलाच, की भाऊ तुम्ही म्हणा, तर शेजारचा त्याला कोपरानं ढोसतो. रस्त्यात भेटले की लोक हळू बोलतात, "राहू द्या भाऊ, कायले तरास घेता." मीही तेच म्हणत आलो. घरात तर आम्ही गाण्याचा विषयच काढत नव्हतो. त्यांना बरं वाटावं म्हणूनच करत होतो सगळं. ते आपले दिवसभर मळ्यात, आणि घरी आले की अंगणात वांगी निवडत बसायचे. केस कापून टाकले.

मागच्या महिन्यात मी जानेफळला गेलो होतो. दुपारची वेळ, जावई अंगणात क्रेट भरत होते, सुमी डाळ पाखडत होती. त्यांच्या आळीतली एक आजी काठी टेकत आली. ती इतकी वर्षं सुरतेला लेकाकडे होती, आठवड्यापूर्वी परत आलेली. कानांनी पार गेलेली. जावयांचं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काय रे पोरा, मी आली तवापासून तुहं गानं नाही आयकलं. रुसला काय म्हातारीवर? म्हन ना ते डीपीचं." सुमी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, आजी, त्यायचा गळा गेला, नाही म्हनता येत! आजीला त्यातलं काही पोचलं नाही. ती आपली जावयांकडे पाहत बसलेली.

जावयांनी हात पुसले. आत गेले, गिटार घेऊन आले आणि आजीच्या पुढ्यात खाली बसले. पूर्वी स्टेजच्या कडेला बसायचे तसेच, वाकून. आणि म्हटलं. काय सांगू? आवाज नव्हताच. खरखर होती, मधेच तीही तुटत होती. "कवा"शी आले, मान वर केली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि त्या जागी नुसती हवा आली. मी खाली जमिनीकडे पाहत होतो. सुमीच्या हातातलं सूप थांबलं होतं. पण त्यांनी एकही कडवं गाळलं नाही. गाणं संपलं तेव्हा आजीनं त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तसाच हाय रे बाप्पा तुहा आवाज! जरा बी नाही बदलला!" म्हणाली आणि काठी टेकत, दोन गोल वांगी पदरात घेऊन, खुशीत निघून गेली.

जावई हसले. किती दिवसांनी हसले होते. मग माझ्याकडे वळले. "दादा, तुमचं काय? सांगा ना एखादं."

राहू द्या, कायले तरास घेता, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. इतकी सवय झाली होती त्याची. पण त्यांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली नव्हती आणि तोंड असं केलं होतं, जसं भूक लागलेल्या पोराचं असतं. मला एकाएकी कळलं की आम्ही या माणसाला दोन वर्षं उपाशी ठेवलंय.

"तेच म्हना," मी म्हणालो. "डीपीचं. पुरं म्हना."

त्यांनी पुरं म्हटलं. "कवा"च्या जागी पुन्हा हवाच आली. या वेळी मी मान खाली घातली नाही. संपलं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुमी पदरानं डोळे पुसत होती. मी घसा साफ केला आणि जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडलो, "वन्स मोअर!"